दोन मणी जास्त

आमच्याकडे गाऊन म्हणजे सकाळी दूध घेताना वर ओढणी टाकून घालायचा तो. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "आई, मला गाऊन शिवून दे," तेव्हा मी मशीनवरून मान वर न करता "कपाटात दोन आहेत, घे त्यातला एक," असं सांगून मोकळी झाले. ती हसली नाही. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली. त्यात कुठल्यातरी परदेशी संग्रहालयातलं चित्र होतं, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका राणीचं. हिरवा मखमली झगा, चौकोनी गळा, पुढून पाटासारखी सपाट चोळी, आणि कंबरेखाली इतका घेर की बाईच्या जवळ कोणी उभंच राहू नये. मोत्यांचा हार होता, पण गळ्यात नव्हता. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत झग्यालाच टाचलेला होता आणि मधोमध मोठं पदक लोंबत होतं.

"कॉलेजच्या गॅदरिंगला नाटक आहे," ती म्हणाली. "सरांनी लिहिलंय. मी राणी आहे."

मी पाय थांबवला. "तू? स्टेजवर?"

"एकच प्रवेश आहे. खिडकीशी उभं राहायचं, प्रेक्षकांकडे पाठ करून. प्रधान लांबलचक बोलतो. मग मी वळते आणि चार वाक्यं म्हणते."

"पाठ करून किती वेळ?"

"प्रधानाचं संपेपर्यंत."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझा स्वभाव असा, की आनंद झाला की पाठोपाठ काय बिघडेल ते मोजायला लागते. आठवीपर्यंत ही पोरगी शाळेच्या प्रत्येक नाचात पहिल्या रांगेत असायची. नववीत पाठीचा कणा वाकडा असल्याचं निघालं, आणि मग दोन वर्षं काखेपासून कंबरेखालीपर्यंत प्लास्टिकचा कडक पट्टा. झोपतानासुद्धा. त्यावर ढगळ शर्ट. नाच गेला, मैत्रिणींच्या वाढदिवसांना जाणं गेलं, वर्गात मागचं बाक आलं. आता बारावीत ती होती आणि पट्टा सुटून आठ महिने झाले होते. कणा होता तेवढाच वाकडा राहिला, वाढला नाही, आणि डॉक्टरांच्या मते पट्ट्याचं काम तेवढंच होतं. उजवा खांदा वर, डावा खाली. कपडे घातले की अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. मला मात्र ती खोलीत आली की आधी तेच दिसतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती दाबून पुढचं सांगता येणार नाही. मी वीस वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. आमच्या कात्रपमधल्या निम्म्या बायकांची मापं मला वही न उघडता सांगता येतील. लेक सातवीत असताना तिच्या युनिफॉर्मचा फ्रॉक डाव्या बाजूने खाली लोंबायला लागला. मला वाटलं, कापताना कापड सरकलं. उसवला, डाव्या खांद्यावर पाव इंच आत घेऊन टीप मारली, सरळ झाला. सहा महिन्यांनी पुन्हा लोंबला. पुन्हा उसवला, या वेळी अर्धा इंच. आठवीत पंजाबी ड्रेस आला, त्याचंही तेच. जांभूळ गावी माझ्या आईकडे गेलो होतो, तेव्हा आई म्हणाली, "पोरीचा एक खांदा खाली हाय गो." मी तिच्यावर खेकसले, "खांदा नाही, माझं कापणं वाकडं झालंय."

शिवणाऱ्या बाईचं हे असं असतं. कापड वाकडं दिसलं की ती आधी स्वतःच्या हाताला दोष देते, आणि उसवून नीट करते. दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. पण आलं होतं. एकदा ती अंघोळ करून केस पुसत पाठमोरी उभी होती, तेव्हा आलं होतं. मी टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला आणि कुकर लावायला गेले.

नववीत खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, फुप्फुसं ठीक आहेत म्हणाले, आणि मग मधल्या रेघेवरून बोट खाली नेलं. ते बोट सरळ गेलं नाही. "आधी कधी लक्षात आलं नाही तुमच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही." लेक शेजारच्या स्टुलावर बसली होती. "एक-दोन वर्षं आधी आला असतात तर..." एवढं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं आणि कागदावर लिहायला लागले. ते अर्धं वाक्य मी अजून पूर्ण करत असते, भाजी निवडताना, बॉबिन भरताना, रस्ता ओलांडताना.

तर ही अशी बाई राणीचा झगा शिवायला बसली.

दुसऱ्याच दिवशी उल्हासनगर गाठलं. कापडाच्या गल्लीत मी कधी एका दुकानात समाधानाने बसलेले नाही. चार ठिकाणी हात लावते, पाचव्या ठिकाणी घेते, आणि परत येताना पहिलंच बरं होतं असं वाटत राहतं. त्या दिवशी तर एकेक गल्ली तीन-तीनदा झाली. ड्रेसचं मखमल पातळ, अंगाला चिकटणारं. मला अंगापासून लांब राहणारं कापड हवं होतं. शेवटी एका म्हाताऱ्या सिंधी शेठच्या दुकानात शिरले.

"भारीवाला मखमल दिखाव ना शेठ."

"भारी तो सोफे का है, बहनजी."

"मग सोफे का दिखाव."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोफा किसको पहनाओगे?"

"बेटी को. रानी है वो."

"साईं, बेटी तो सबकी रानी होती है. कितना मीटर?"

"नऊ."

"नौ मीटर में तो पूरा सोफा-सेट बन जाएगा," तो म्हणाला, पण गठ्ठा खाली काढला. गर्द हिरवा रंग. हात फिरवला की एका दिशेने काळा दिसायचा, दुसऱ्या दिशेने चमकायचा. निघताना त्याने सोनेरी लेसचा एक उरलेला तुकडा पिशवीत टाकला आणि म्हणाला, "रानी का फोटो दिखाना."

चोळी पुढून सपाट आणि ताठ राहायला आत काहीतरी कडक लागतं. त्या काळी तिकडे बोरू की वेत असलं काही घालायचे, हे लेकीने मोबाईलवर शोधून काढलं. आमच्याकडे खराटा होता. मी नवा खराटा आणला, त्याचे चांगले चिवट हीर निवडून एका मापाचे कापले, अस्तराच्या दोन थरांमध्ये शेजारी शेजारी टिपा मारून नळ्या केल्या आणि प्रत्येक नळीत तीन-तीन हीर सरकवले. पहिल्यांदा अंगाला लावून पाहिली तेव्हा लेकीने दोन्ही हात वर केले, श्वास घेतला, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे परत तेच आहे," ती म्हणाली. "पट्टा."

"पट्टा नाही. काखेखाली हुक आहेत बघ. तुझ्याच हाताला येतील असे लावलेत. नको वाटलं की काढ."

तिने हुक काढले, लावले, परत काढले. असं सात-आठ वेळा केलं. मग म्हणाली, "चालेल." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा कळत नव्हतं.

ब्लाउज असो की झगा, कापड दुहेरी घडी घालून त्यावर अर्धंच माप आखायचं आणि एकदम कापायचं, ही आमची पद्धत. दोन्ही बाजू सारख्या निघतात. या झग्याला मी घडी घातली नाही. वर्तमानपत्रावर डावी बाजू वेगळी काढली, उजवी वेगळी. डाव्यावर 'डा' लिहिलं, उजव्यावर 'उ'. लेक शेजारी बसून केळं खात होती.

"असं का कापतेस?"

"मखमलीची लव असते. ती एकाच दिशेला ठेवावी लागते."

हे खरंच आहे, पण त्यासाठी घडी मोडावी लागत नाही. ती शिवत नाही म्हणून खपलं.

आणि डाव्या खांद्यात मी कापूस भरला. जुन्या उशीतला, चांगला पिंजून, अस्तर आणि मखमल यांच्या मध्ये, बाहीच्या माथ्याशी. आधी एक थर, मग मागून बघितलं, मग आणखी अर्धा थर. तिला फिटिंगच्या वेळी सांगितलं नाही. झग्यात एवढं काय काय होतं, हीर, कॅनव्हास, तीन थर अस्तर, त्यात मूठभर कापूस कोणाला कळतो? आरशात दोन्ही खांदे एका रेषेत आले. लेक खूष झाली. "आई, भारीच की! एकदम सरळ!" असं म्हणून माझ्या गालाचा मुका घेतला तिने. खूप दिवसांनी घेतला होता. मला तो गोड लागला आणि लगेच कडूही लागला.

नुसत्या झग्याने राणी होत नाही, दागिने हवेत. म्हणून एका रविवारी आम्ही दोघी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिला परदेशी दागिन्यांचे फोटो पुरे होते, पण मला हाताने केलेलं काहीतरी डोळ्यांनी पाहायचं होतं. दगडातल्या बायकांच्या अंगावर पदरामागून पदर हार आहेत, झिजलेले, काहींची नाकं गेलेली. मी हारांचे फोटो काढत गेले. लेक एका मूर्तीसमोर थांबली ती हलेचना.

"आई, हिचाही एक खांदा खाली आहे. आणि कंबर एका बाजूला."

"नाचतेय ती."

"नाचत नाहीये. नुसती उभी आहे."

"चल, ऊन लागेल," मी म्हणाले. ऊन कुठलं, डिसेंबर होता.

मोती उल्हासनगरचेच, प्लास्टिकचे, हरभऱ्याहून थोडे मोठे. पदकासाठी क्रीमच्या डबीचं झाकण घेतलं. नळाची गळती बुजवायला जी लांबी, म्हणजे पुट्टी, मिळते, ती मळून झाकणावर थापली, ओली असतानाच काडीने नक्षी कोरली, मधे जुन्या साडीपिनेचा हिरवा खडा बसवला आणि सोनेरी रंग मारला. पडद्याच्या कड्यांचे डूल केले. लेक हात काळे-पिवळे करून शेजारी बसायची, गप्पा मारायची, रंग माझ्या नाकाला लावायची. ते आठ-दहा दिवस चांगले गेले, हे कबूल करायला हवं. घरात वेळ होता, हसणं होतं. तिच्या बाबांनी कंपनीतून येताना जाड पाइप आणला आणि घेरासाठी त्याची तीन कडी करून दिली. झगा घालून ती पहिल्यांदा हॉलमधून स्वयंपाकघरात जायला निघाली आणि दारातच अडकली. "हिला बाहेर काढायला आता क्रेन मागवतो," बाबा म्हणाले, आणि आम्ही तिघं पोट दुखेपर्यंत हसलो.

पण हार मला स्वस्थ बसू देईना. दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस मणी ओवून तो तिच्या अंगावर टाचला, तर पदक मधोमध बसेना. उजव्या बाजूला सरकायचं. कापसाने खांदा वरून भरला होता, पण हार जिथे टाचायचा ती जागा खालीच होती. मी दोनदा टाचण्या हलवल्या. मग ती क्लासला गेल्यावर हार उसवला, उजव्या बाजूला दोन मणी वाढवले आणि गाठ मारून टाकली. संध्याकाळी घालून पाहिला. पदक बरोबर मधोमध.

गॅदरिंग अंबरनाथला, कॉलेजच्याच हॉलमध्ये, दुपारी होतं. रिक्षात झगा आमच्या दोघींच्या मांडीवर, पाइपची कडी चपटी करून बांधलेली, दागिन्यांचा डबा माझ्या पोटाशी. पिशवीत मी सुई, हिरवा दोरा, कात्री, टाचण्या आणि चार-पाच जादा हीर टाकले होते. काही ना काही मोडतंच.

मेकअपला आणि कपडे बदलायला एक वर्ग दिला होता. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कसलं तरी गणित अर्धं पुसलेलं. बाकीची मुलं पलीकडच्या वर्गात होती, राणीला एकटीला हा दिला होता, कारण झगा घालून दुसरं कोणी त्यात मावलं नसतं. लेकीचा मेकअप झाला होता. झगा घालायच्या आधी तिला हाराचा फोटो काढायचा होता. तिने तो बाकावर ठेवला, दोन्ही टोकं बाकाच्या कडेला नीट जुळवली आणि मोबाईल वर धरला.

"आई, हा वाकडा झालाय."

मी पिशवीत सुई शोधत होते. "कुठे?"

"पदक मधे येत नाहीये." ती मणी मोजायला लागली, बोट ठेवून, एकेक. मी थांबवायला हवं होतं, काहीतरी सांडायला हवं होतं. "इकडे तेवीस. इकडे पंचवीस."

"चुकलं असेल."

"तू? तू चुकलीस?"

ती हार हातात घेऊन उभी राहिली. मग तो स्वतःच्या खांद्यांवर धरून तिने खिडकीच्या काचेत पाहिलं. अंगावर सरळ होता. परत बाकावर ठेवला, वाकडा. तिने तो बाजूला सारला आणि झग्याकडे गेली. दोन्ही खांदे दोन बोटांत धरून दाबून पाहिले, केळं पिकलंय का बघावं तसे. आधी उजवा. मग डावा. डाव्यावर बोटं थांबली.

"हे काय आहे?"

"कापूस."

"का?"

"बाही उभी राहायला."

"उजव्यात नाहीये."

मी परत पिशवीत सुई शोधायला लागले.

"काढ," ती म्हणाली.

"अगं, आता वेळ किती आहे..."

"काढ. नाहीतर मी जात नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी वर चढून बोलले असते, तेवढं मला जमतं. मी कात्री घेतली. बाहीच्या माथ्याची टीप उसवली, कापूस उपटून बाहेर काढला. बाकावर त्याचा एवढासा ढीग झाला. नाटकवाल्या सरांनी दारातून हाक दिली, "राणीसाहेब, वीस मिनिटं!" आणि गेले. झगा तिच्या अंगावर चढवला, हुक लावले. डावा खांदा रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता. आता तो नेमका कुठे धरायचा हे मला माहीतच नव्हतं. झगा पहिल्यापासून मी कापसासकट बेतला होता. तिचा खरा खांदा त्या मखमलीखाली मी कधी मापलाच नव्हता. टाचण्यांनी भागेना, सोफ्याचं कापड ते, एक हात हलवला की टाचणी वाकायची.

"अंगावरच शिवावं लागेल," मी म्हणाले.

आमच्याकडे अंगावर कापड शिवत नाहीत. माझी आई तर गुंडीसुद्धा लावू द्यायची नाही. "आंगाव शिवाचा नाय. शिवलाच तं तोंडान काडी धर," म्हणायची. दातात काडी धरली की दोष लागत नाही. आणि ज्याने काडी धरली त्याने शिवण होईपर्यंत बोलायचं नाही. माझा यावर विश्वास आहे का? नाही. पण माझा हात पिशवीत गेला आणि त्याने हीर काढला. एरवी लेकीने माझी टर उडवली असती. तिने तोंड उघडलं, हीर दातात धरला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पाठ माझ्याकडे.

मी सुई ओवली. मखमल आत दुमडलं आणि बोटांनी तिचा खांदा शोधला. हाडापर्यंत. पाच वर्षं मी त्या खांद्याला डोळ्यांनीच मापत होते. हात लावला तेव्हा कळलं, तो किती लहान होता. टाका घातला. दुसरा घातला. आणि तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोलले. तिला बोलता येत असतं तर मी बोलले नसते, हेही खरं.

"मला दिसलं होतं," मी म्हणाले. "सातवीत. तुझा फ्रॉक एका बाजूला लोंबायचा, मी उसवून वर घ्यायचे. दोनदा घेतला. आजी म्हणाली तेव्हा तिच्यावर ओरडले. एकदा तुझी उघडी पाठ पाहिली, तरी गप्प राहिले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. खोटं बोलले मी. तेव्हाच तुला नेलं असतं तर कदाचित... मला माहीत नाही. भीती वाटली मला. म्हणून शिवत बसले."

ती हलली नाही. हीर दातात होता. मी आणखी सहा टाके घातले, शेवटच्याला गाठ मारली आणि दोरा तोडायला वाकले तर माझं नाक तिच्या मानेला लागलं. पावडरचा वास आला. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

तिने हीर तोंडातून काढला. वळली.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली.

"हो."

"तू नाही म्हणालीस. मला ते खरंच वाटलं." तिचे डोळे भरले होते, पण ती पापण्या हलवत नव्हती, काजळ जाईल म्हणून. "मला काय वाटायचं माहितीये? ही सगळ्या बायकांची मापं घेते. कोणाची कंबर वाढली, कोण किती बारीक झाली, हिला सगळं पाठ. आणि मी हिच्या घरात राहते, तर मी हिला दिसतच नाही. दोन वर्षं पट्ट्यात पडून मी हाच विचार करायचे."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, तुझ्यामुळे झालं. त्याची तयारी मी तीन वर्षं करत होते, उत्तरंसुद्धा करून ठेवली होती.

"दिसलं होतं गं," एवढंच म्हणाले.

"सातवीपासून?"

"सातवीपासून."

तिने नाकाने मोठा श्वास घेतला. "घरी गेल्यावर मी तुझ्याशी भांडणार आहे."

"भांड."

"आत्ता नाही. आत्ता मेकअप जाईल." मग बाकावरचा हार उचलून माझ्या हातात दिला. "दोन मणी काढ."

मी उजव्या बाजूची गाठ कापली, दोन मणी काढले, परत गाठ मारली. हार टाचला. पदक उजवीकडे सरकलं आणि तिथेच राहिलं. माझा हात ते मधे ओढायला पुढे झाला, तेव्हा तिने माझ्या हातावर चापट मारली.

हॉलमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही, मिळाली असती तरी बसवलं नसतं. मी भिंतीशी उभी होते. पडदा बाजूला झाला आणि ती खिडकीच्या पुठ्ठ्याशी उभी दिसली, पाठ आमच्याकडे. सोफ्याच्या मखमलीवर दिव्याचा उजेड पडला होता. उजवा खांदा वर, डावा खाली, आता कापसाशिवाय. प्रधान बोलायला लागला. राज्य, कर, दुष्काळ, शत्रू. मी मनात म्हणत होते, आवर रे बाबा. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ड्रेस काय सुंदर आहे गं, भाड्याने आणला असेल." एरवी मी तिला तिथल्या तिथे सांगितलं असतं. ती पाठ हलत नव्हती. ताठ नव्हती, पण हलत नव्हती. मग प्रधान संपला आणि ती वळली, घेर सावरत, आणि चार वाक्यं बोलली. चौथं वाक्य मला ऐकूच आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवायला गेले तर उजवा हात उघडेना. मुठीत काहीतरी होतं.

परत येताना रिक्षात झगा पुन्हा मांडीवर, पाइपची कडी या वेळी नीट बांधलेली नव्हती, ती सारखी बाहेर झेपावायची आणि रिक्षावाला वैतागायचा. लेकीने मेकअप पुसला होता, कानांत पडद्याच्या कड्या तशाच होत्या.

"मागून दिसत होतं?" तिने विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. "दिसत होतं," म्हणाले.

"किती?"

मी मूठ उघडून तिच्यासमोर धरली. दोन मणी, घामाने ओले.

"एवढं," मी म्हणाले.

तिने ते उचलले, तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"बस? एवढंच?" ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला. "एवढ्यासाठी तू पाच वर्षं गप्प बसलीस? एवढ्यासाठी?"

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. मीही मग बोलायला लागले, तीही, दोघी एकदम. कात्रपला उतरलो तरी तिचं संपलं नव्हतं. एका हाताने पाइपची कडी ओढत, दुसरी मूठ घट्ट मिटून, ती जिना चढेपर्यंत भांडत होती.